बांधावरच्या तणांची औषधं : कुठे बिनधास्त वापरायची आणि कुठे हात आवरायचा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की सासूबाई जखमेपासून काविळीपर्यंत सगळ्याला बांधावरचा पाला वापरतात, त्यातलं खरं किती, पुण्यात मुलांना द्यायला चालेल का, आणि वाळवून नेता येईल का. उत्तर मोठं होणार आहे, कारण हो किंवा नाही असं एका ओळीत सांगितलं तर कुणाला तरी त्याचा त्रास होईल.

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, जुन्नर भागात बरीच वर्षं दवाखाना चालवतोय आणि घरची शेतीही आहे. आमच्याकडे पश्चिमेला भात, हिरडा आणि डोंगर, पूर्वेला बाजरी, कांदा, टोमॅटो, त्यामुळे ओल्या आणि कोरड्या दोन्ही भागातली तणं रोज पायाखाली येतात. कुठलाही घरगुती उपाय असला की मी आधी दोन गोष्टी बघतो. पहिली म्हणजे हे दुखणं काहीच केलं नाही तरी आपोआप बरं होणारं आहे का, आणि दुसरी म्हणजे हा पाला चालला नाही तर त्या पेशंटचं नुकसान काय होईल. नुकसान एका दिवसाच्या त्रासाइतकंच असेल तर खुशाल करा, पण जीव, डोळा किंवा पोटातलं बाळ पणाला लागणार असेल तर पाला कितीही गुणी असो, आधी दवाखाना.

सगळ्यात भरवशाचं तण म्हणजे एकदांडी, तिलाच दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतात. जमिनीलगत पसरते, पानं खरखरीत आणि कातरलेली, मधून एक लांब दांडा वर येतो आणि त्यावर एकच फूल, मधे पिवळं आणि कडेला थोड्या पांढरट पाकळ्या. गंमत म्हणजे ही मुळात अमेरिकेतली वनस्पती, पण आज महाराष्ट्रातला कुठलाही बांध तिच्याशिवाय नाही आणि खुरपणीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती माहीत आहे. विळा लागला, खुरपं लागलं की पानं चुरगळून रस पिळायचा आणि चोथा दाबून धरायचा, रक्त थांबतं. हे मी शेकडो हातांवर बघितलंय आणि माझ्या स्वतःच्या हातावरही करतो. फक्त जखम आधी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायची, पानं पण धुवायची, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायचं नाही. शेताच्या मातीत, शेणखतात धनुर्वाताचे जंतू असतातच आणि एकदांडी ते मारत नाही. जखम खोल असेल, गंजलेल्या पत्र्याची असेल, बोट हलत नसेल किंवा पुढचा भाग बधिर झाला असेल तर पाला न लावता स्वच्छ कापड दाबून धरून टाके घालायला यायचं, कारण आत चोथा अडकला की तो काढून साफ करण्यात आमचा वेळ जातो आणि पेशंटला दुखतं ते वेगळंच.

निर्गुडीबद्दल पण मला काही शंका नाही. मुरगळलेला पाय, गुडघ्याची सूज, बाळंतिणीची कंबर, याला निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला किंवा पाण्यात उकळून शेकलं तर आराम पडतो, त्यात उष्णतेचा वाटा आहे आणि पाल्याचाही आहे. ताज्या मुरगळीला पहिला दिवस मात्र गार पाणी किंवा बर्फ, शेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. आजी लोक धान्याच्या कणगीत तोच पाला घालायचे किडीसाठी, तेही करून बघा. आणि पाय टेकवताच येत नसेल तर आधी एक्सरे.

आता टाकळा. आषाढात पहिल्या पावसाबरोबर उगवतो, कोवळा असताना भाजी उत्तम लागते, लसूण जरा जास्त घाला, पोट साफ होतं. बिया ताकात भिजवून वाटून गजकर्णावर लावायच्या ही जुनी पद्धत आहे, संस्कृतात तर त्याचं एक नावच दद्रूघ्न आहे, दद्रू म्हणजे गजकर्ण. पूर्वी साध्या गजकर्णाला हे पुरायचं. पण गेल्या दहाएक वर्षांत गजकर्ण अक्षरशः हट्टी झालंय, कारण मेडिकलमधून न विचारता आणलेली स्टेरॉइडवाली मलमं लोकांनी महिनोन् महिने चोळली. आता घरात एकाला झालं की चौघांना होतं, तेव्हा टाकळ्याच्या भरवशावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त बसू नका, आणि ती तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं तर अजिबात नकोत.

टाकळ्यात एक खरा धोका आहे आणि तो ओळखण्यातला आहे. त्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो, काही जण त्याला रानटाकळाच म्हणतात. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि टोकं गोलसर, कासविंद्याला चार ते सहा जोड्या आणि टोकं अणकुचीदार, शेंगा चपट्या. पश्चिम उत्तर प्रदेशात दर पावसाळा संपता संपता लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावायची, बरीच वर्षं सगळे त्याला मेंदूज्वर समजत होते, नंतर डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती आणि लिव्हर, स्नायू, मेंदू तिन्हीवर मार बसत होता. तुमची मुलं सुट्टीत गावाला येतात तेव्हा त्यांना हे झाड हाताला धरून दाखवा आणि शेंग तोंडात घालायची नाही हे पक्कं सांगा.

खोकल्याला अडुळसा. बांधाला, कुंपणाला असतो, जनावर तोंड लावत नाही म्हणून टिकतो. दोन पानं तव्यावर गरम करायची, वाटून रस काढायचा, एक छोटा चमचा रस आणि मध, मोठ्या माणसाला दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. कफ सुटतो. याला आधुनिक औषधशास्त्रातही आधार आहे, अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे कित्येक कफ सिरपमध्ये असतं. पण तेच व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, एक चमचा पण नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, सासूबाई कितीही आग्रह करोत, त्यातून बाळाला जिवावरची विषबाधा होऊ शकते. पाच वर्षांखालच्या मुलाला खोकल्याबरोबर धाप लागत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

काविळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालंय. आपल्याकडे पावसाळ्यात जी कावीळ होते ती बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणारी, हिपॅटायटिस ए किंवा ई, आणि ती बहुतेकांना तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे त्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. कुणी हाताला डाग देतं, कुणी गळ्यात काड्यांची माळ घालतं आणि ती रोज लांब होत गेली की कावीळ उतरली म्हणतात, तर ओल्या काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल होतात म्हणून माळ लांब होते, निरोग्या माणसाच्या गळ्यात घातली तरी होईल. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवतात ते चुन्याची आणि झाडपाल्याच्या रसाची क्रिया असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाकात देवडांगरी या रानवेलीच्या कडू फळाचा रस सोडणं, ती इतकी जहाल आहे की नाकाच्या आतलं कातडं सोलवटतं आणि दोन दिवस पिवळं पाणी वाहत राहतं, लोकांना वाटतं कावीळ बाहेर पडली. ते पाणी सुजलेल्या नाकाचं असतं. यातून नाकातून जबरदस्त रक्त गेलेले पेशंट मी पाहिलेत, आणि लिव्हर बिघडलं की रक्त गोठायची ताकद आधीच कमी झालेली असते, त्यामुळे ते थांबवणं अवघड जातं.

भुईआवळ्याचं काय, हे तुम्ही मुद्दाम विचारलंय. कांद्याच्या वाफ्यात, कुंडीत, कुठेही येतो, पानाच्या खाली बारीक आवळ्यांसारखी फळं लटकलेली असतात. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं की हिपॅटायटिस बी असलेल्या 37 जणांना तो दिला आणि 59 टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. जगभर गाजलं ते. पण नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा तसा गुण आला नाही. मी स्वतः साध्या काविळीत, रक्त तपासून झाल्यावर, जेवण जात असेल आणि उलट्या नसतील तर भुईआवळ्याचा रस द्यायला हरकत घेत नाही, पण त्याने कावीळ बरी होते असं पेशंटला सांगत नाही. गरोदर बाईला कावीळ झाली तर मात्र एक तास सुद्धा पाल्यात घालवायचा नाही. हिपॅटायटिस ई झालेल्या शेवटच्या तिमाहीतल्या बायकांमध्ये शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत मृत्यू होतात, हा आकडा घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना ऐकवा. तसंच कावीळ असताना माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागा राहायला लागला, लघवी कमी झाली किंवा हिरड्यातून रक्त आलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या, वाटेत कुठल्याही गावाला औषध घ्यायला थांबू नका.

विंचू चावला की आघाड्याचं मूळ उगाळून लावतात. आघाडा तसा फार कामाचा, मंगळागौरीला आणि गणपतीच्या पत्रीत असतो, काडीने दात घासतात, आणि त्याचा क्षार आम्ही भगंदराच्या, म्हणजे गुदद्वाराजवळच्या वाहत्या नळीसारख्या जखमेच्या, क्षारसूत्रात वापरतो, दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस थर देऊन तो तयार करतात, आणि त्याचा गुण खरोखर येतो. हे घरी करायचं काम नाही, क्षार कातडी जाळतो. पण विंचवावर आघाडा नको. काळ्या विंचवाचं विष सौम्य, दुखणं काही तासांत आपोआप उतरतं आणि मुळाचं नाव होतं. लाल विंचू चावला आणि दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या सुरू झाल्या तर पुढे हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतं, लहान मूल तर काही तासांत जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात राहून यावर प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी वापरून दाखवली आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू एकदम खाली आले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आहे आणि तो स्वस्त आहे, तो वेळेत मिळायला हवा एवढंच. सापाचं तर विचारूच नका, नाग, मण्यार, घोणस, फुरसं यातलं काहीही असो, त्यावर कुठलीही मुळी नाही, फक्त सरकारी दवाखान्यातलं सर्पदंशाचं इंजेक्शन. जो वैदू सापाची मुळी देतो त्याच्याकडे बरे झालेले लोक असतात ते बिनविषारी सापाचे किंवा विष न सोडलेल्या चाव्याचे.

गुळवेलीवर लोकांनी कोरोनात इतका जोर दिला की घराघरात काढे उकळत होते, सकाळ-संध्याकाळ, महिनोन् महिने. मग 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती छापली, गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले. आयुष मंत्रालयाने म्हटलं की झाड चुकलं असावं, दुसरी जात असावी. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंतून शिकण्यासारखं आहे. खरी गुळवेल ओळखायची तर पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत, खोडाची वरची पातळ साल कागदासारखी निघते आणि आत हिरवं, फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. खोडावर मोठमोठे फोड दाटीने असतील किंवा पानावर दाट लव असेल तर सोडून द्या. आणि खरी असली तरी पाच-सात दिवसांच्या वर स्वतःच्या मनाने घेऊ नका. बोटभर जाडीचं चार-पाच इंच खोड, ठेचून, दोन कप पाण्यात उकळून अर्धा कप, दिवसातून एकदा, मोठ्या माणसाला बास. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, संधिवाताचा किंवा थायरॉइडचा असा आजार असेल ज्यात शरीर स्वतःवरच उलटतं, तर घेऊच नका, आणि लिव्हरचा जुना त्रास असेल तरी नको.

पुनर्नवा, आमच्याकडे घेटुळी म्हणतात, सूज उतरवते हे बरोबर आहे, लघवी मोकळी होते. पण पायाला सूज का आली हे आधी बघायचं ना. बीपी आणि लघवीची तपासणी करा, मग पाला. किडनी अधू असेल तर घेटुळी नकोच, तिच्यात पोटॅशियम भरपूर असतं. मुतखड्याला गोखरू, पानफुटी वगैरे देतात, त्यातलं सत्य असं की पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा भरपूर पाणी पिऊन आपोआप पडतो. गोखरूचा काढा आठवडाभर प्यायला हरकत नाही, पण खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर रात्री दोन वाजता सुद्धा हॉस्पिटल गाठायचं.

रुई. पान तेल लावून गरम करून सांध्यावर बांधतात, ठीक आहे. काटा वर यायला चीक लावतात, तेही चालतं. पण चीक लागलेला हात डोळ्याला लागला तर बुबुळ सुजून दुसऱ्या दिवशी नीट दिसत नाही. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडणाऱ्या माणसांत हे हमखास होतं. चीक गेलाच तर पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धुवायचा, चोळायचा नाही, आणि डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

ज्यांना हातच लावू नये अशी नावं पण लिहितो. धोतरा कुठल्याच कारणासाठी नको, दम्याला पानांचा धूर घेतात तोही नको, तोंड कोरडं पडून माणूस भ्रमिष्ट होतो आणि मुलं तर थोड्या बियांनी दगावतात. कळलावीचा कंद सुंदर फुलाच्या नादात कुणी घरी लावतं, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंद खाऊन माणसं मेलीत. चित्रकाचं मूळ गर्भ पाडायला वापरलं जायचं, त्यात बाईचाही जीव जायचा. पिवळा धोतरा, ज्याला बिलायत म्हणतात, त्याच्या बियांची मोहरीच्या तेलात भेसळ झाली आणि 1998 मध्ये दिल्लीत साठहून जास्त माणसं गेली. बिब्बा आणि बावची जाणकार हाताशिवाय नको, दोन्हीने फोड येतात, आणि बावची लावून उन्हात बसलं की कोडाच्या डागावर भाजल्यासारखी जखम होते. गाजरगवताचा काढा पण कुणीतरी मोबाईलवर फिरवत असतं. ते 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि तेव्हापासून त्याच्या अ‍ॅलर्जीने किती शेतकऱ्यांच्या माना आणि पापण्या सोलून निघाल्यात, औषध म्हणून त्याचा विचारही करू नका, उपटताना हातमोजे घाला.

एक गोष्ट सासूबाईंच्या काळात नव्हती आणि आज सगळ्यात महत्त्वाची आहे, ती म्हणजे तणनाशक. आमच्या नारायणगाव बाजूच्या टोमॅटो, द्राक्षाच्या पट्ट्यात बांध फवारूनच साफ करतात. फवारल्यावर पाला पिवळा पडायला आठवडा लागू शकतो, तोवर घोळ, टाकळा, घेटुळी हिरवीगार दिसतात आणि कुणीतरी खुडून नेतं. शेजाऱ्याने फवारलं तरी वाऱ्याने आपल्या बांधावर येतं. त्यामुळे शेतात कधी काय मारलं हे विचारल्याशिवाय पोटात घ्यायचा पाला खुडू नका. मी तर म्हणेन परसात एक कोपरा ठेवा, गुळवेल, अडुळसा, माका आणि निर्गुडी तिथेच लावा, फवारणीचा प्रश्नच राहत नाही आणि सासूबाईंना पण खुडायला लांब जावं लागणार नाही. सासूबाईंना झाडं जितकी ओळखता येतात तितकी आता तालुक्यात थोड्याच माणसांना येतात, त्यांच्याबरोबर एकदा पावसाळ्यात बांधावर फिरून प्रत्येक झाडाचा फुलासकट फोटो काढून ठेवा, नाव त्यांच्याच तोंडचं लिहा, कारण पुढच्या गावात त्याच झाडाला वेगळं नाव असतं आणि त्यातूनच घोटाळे होतात.

पुण्याला वाळवून काय न्यायचं तर गुळवेलीचे तुकडे आणि घेटुळीची मुळं टिकतात, सावलीत वाळवा, कडक वाजेपर्यंत, कागदी पिशवीत ठेवा आणि वर नाव आणि तारीख टाका, पुढच्या पावसाळ्यात टाकून द्या कारण बुरशी धरते. निर्गुडीचा वाळलेला पाला उकळून शेकायला चालतो. माक्याचं तेल गावालाच काढून न्या, खोबरेल तेलात ताजा रस घालून मंद आचेवर पाणी उडेपर्यंत, तडतड थांबली की झालं. एकदांडी मात्र वाळवून उपयोग नाही, ती ताजीच लागते, पण पुण्यात तुमच्या सोसायटीच्या कंपाऊंडला खाली नीट बघा, तिथे ती असणारच, फक्त कुत्री फिरतात त्या कडेची आणि माळ्याने औषध मारलेली घेऊ नका.